खोली तिथं प्रकरण

त्या काळात दौंडला खोली शोधायला निघालेल्या माणसाला घरमालक आधी जात विचारत, मग पगार आणि मग बदली कधी होणार ते. आबांनी यातलं काहीच विचारलं नाही. कोटाच्या खिशात दोन्ही हात घालून ते उंबऱ्यात उभे होते. भर उन्हाळ्यात धोतरावर लोकरीचा काळा कोट. मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

मी सांगितलं, बी.कॉम. झालोय, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास आहे, पाटबंधारे खात्यात नुकताच लागलोय.

"ते तुम्ही शिकलाय. येतं काय?"

एवढं बोलून त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला. मला वाटलं, भविष्य बघणार. त्यांनी तळहात नाकाशी नेऊन हुंगला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि ह्यात काही न्हाई म्हणून परत केला. डब्यात डोकावून डाळ संपल्याचं सांगावं, तितक्या सहज.

माझी तेव्हा मोठी पंचाईत झालेली होती. लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि बायको केंदूरला माहेरीच होती. सासऱ्यांचं म्हणणं असं, की जावयाची स्वतंत्र खोली आणि त्या खोलीत स्वतंत्र चूल असल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही. मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पडवीत झोपत होतो. रेल्वेच्या लोकांनी दौंडातली खुराडीसुद्धा भाड्यानं घेतली होती. आबांची ही खोली हातची गेली असती तर माझा संसार पत्रव्यवहारावरच चालला असता. म्हणून निघता निघता मी म्हणालो, विहीर खोदायचं येतं.

आबांनी कोटातून हात बाहेर काढले.

हे खोटं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात कवठे येमाईला आमच्या चुलत्यांनी विहीर काढायला घेतली होती आणि कॉलेज बुडवून मी अख्खा उन्हाळा यारीवर होतो. यारी म्हणजे खालचा दगड-मुरूम वर ओढून काढायचं यंत्र. आबांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सुरुंगाचं भोक पहारीनं पाडतात की कशानं, खालच्या माणसाला वरचा आवाज कसा ऐकू येतो, दगडाची धूळ घशात बसली की थुंकीला कुठला रंग येतो, असं सगळं विचारत सुटले. थुंकीचा रंग काळपट, असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं नावापुरतंच होतं. अट मात्र एकच होती, आणि ती मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या सिस्टरांनी समजावून सांगितली.

आबा कादंबरी लिहीत होते. गेली कित्येक वर्षं लिहीत होते. वडील रेल्वेला खडी पुरवायचे, त्यांनी रुळांच्या पलीकडे ओळीनं खोल्या बांधल्या. शेवटच्या खोलीत आबा राहत आणि उरलेल्या तीन त्यांनी कादंबरीला दिलेल्या. खोली तिथं प्रकरण. ज्या प्रकरणाला ज्या विषयाचं ज्ञान लागेल, ते येणारा भाडेकरू ठेवायचा, रोज संध्याकाळी त्याच्याकडून ते काढून घ्यायचं आणि प्रकरण संपलं की आठ दिवसांत खोली मोकळी करून घ्यायची. माझ्या खोलीत आधी लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला होता. वरातीत पाऊस आला तरी वाजवतात का, एवढं एकच त्यानं सांगायचं राहिलं होतं. एका संध्याकाळी गप्पांच्या भरात तो सांगून बसला, आणि पुढच्या आठवड्यात क्लॅरिनेटसकट बाहेर पडला.

माणसाचं ज्ञान त्याच्या शरीरात कुठंतरी एका जागी असतं, असं आबांचं ठाम मत होतं. कुणाचं हातात, कुणाचं पाठीत, कुणाचं नाकात. सिस्टर मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळी करत. त्यांचं ज्ञान कानात आहे, असं आबा सांगायचे, कारण रोग्याचा श्वास अडकला की त्यांना पलीकडच्या वॉर्डात कळतं. पहिल्या खोलीतला फायरमन इंजिनात कोळसा घालायचा. त्याचं डोळ्यांत, कारण धुराच्या रंगावरून तो आग ओळखतो. माझं घशात निघालं. डोक्यातल्या ज्ञानाला आबांच्या लेखी किंमत नव्हती. ते म्हणायचे, पुस्तकातलं ज्ञान कादंबरीत घालणं म्हंजी उसाचं चिपाड परत चरकात घालणं. मी एकदा विचारलं, मग तुमचं ज्ञान कुठं आहे? त्यांनी कोट झटकला आणि ते चहा टाकायला आत गेले.

कादंबरी होती तरी कशाची? एका घराची. धाकटा भाऊ विहिरीत उतरलेला, थोरला भाऊ गाडीनं गावाकडं निघालेला, आणि आई शेवटच्या घटका मोजत खाटेवर. थोरला आल्याशिवाय तिचा जीव जाणार नव्हता. पण थोरल्याची गाडी फायरमनच्या ताब्यात होती आणि त्याला खोली सोडायची नव्हती. त्यामुळे त्यानं गाडी दोन वर्षं पाटसच्या सिग्नलबाहेर उभी करून ठेवली होती. कधी बॉयलरला पाणी कमी, कधी कोळसा ओला, कधी रुळावर म्हैस. गाडी येत नाही म्हणून म्हातारी मरत नव्हती. ही गोष्ट सिस्टरांच्या चांगलीच पथ्यावर पडत होती. त्यातून आबांनी विचारलंच, तर त्या म्हणत की मरताना माणसं पुस्तकातल्यासारखं बोलत नाहीत, चहा मागतात. झालं, आबा म्हातारीला चहा पाजत. चहा प्यायल्यावर तिला जरा हुशारी वाटायची आणि प्रकरण आणखी दोन पानं लांबायचं.

दर रविवारी सकाळी आबा झालेलं लिखाण अंगणात वाचून दाखवत. आम्ही तिघं पाट घेऊन बसायचो आणि आपापलं प्रकरण जिवंत आहे ना, हे कान देऊन बघायचो. मला इथं विशेष काही युक्ती करावी लागत नव्हती. आमच्या चुलत्यांच्या विहिरीला पाणी लागलंच नव्हतं. मला येत होतं ते फक्त खोदायचं, म्हणून मी खोदत राहिलो. मुरूम संपला, मांजऱ्या खडक लागला, मांजऱ्या संपला, काळा पाषाण लागला, पाषाणाखाली परत मुरूम लागला. फायरमन म्हणाला, इतक्या खोल आता कोळसा लागंल, तो तरी माझ्या गाडीला पाठवा. सिस्टर हळव्या होत्या. त्या मधेच विचारत, खाली त्या पोराला जेवण कोण देतं? मग आबा टोपलीतून भाकरी खाली सोडत.

आपलं प्रकरण इतक्यात संपत नाही अशी खात्री पटल्यावर, दिवाळीनंतर मी सासऱ्यांना कळवलं आणि ते स्वतः मुलीला घेऊन आले. खोली पाहिली, स्टोव्ह पाहिला. स्टोव्ह म्हणजे चूल नव्हे, असं त्यांच्या मनात आलं असावं, पण बोलले नाहीत. बायको राहिली. पहिला आठवडा मी आयुष्यात कधी नव्हतो इतका खुशीत होतो, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. खोलीची अट मी तिला सांगितली नव्हती. आपला नवरा दुसऱ्याच्या कादंबरीत विहीर खोदतो म्हणून आपल्याला छप्पर आहे, हे नव्या नवरीला कसं सांगणार?

रविवार आला. ती माझ्या मागं पदर सावरून बसली आणि आबांनी विहिरीचं प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर कुणी काही बोलायचं नसे. ती बोलली.

"आबा, त्या बाप्याला अजून पाणी न्हाई लागलं व्हय?"

मी तिला कोपरानं ढोसलं. ती जरा बाजूला सरकली आणि पुढं सांगू लागली. त्यांच्या केंदूरच्या विहिरीत सुरुंग पेटेना झाला. वात लावावी की विझावी. तिच्या वडलांनी सुरुंगवाल्याला अर्धी सकाळ शिव्या घातल्या, दारू भेसळीची आणली म्हणून. तोही चिडून पहार टाकून वर यायला निघाला. मग कुणीतरी भोकात काडी घालून बघितली तर काडी ओली. पाणी आलेलं होतं आणि माणसं भांडत होती. सुरुंगवाल्याला वडलांनी नंतर मानाची टोपी घातली, पण तो जेवायला काही थांबला नाही.

आबा उठून उभे राहिले. त्यांच्या मांडीवरचे कागद अंगणभर झाले. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. फायरमन माझ्याकडं, मयताला आल्यासारखा, बघत होता.

चार दिवस आबांच्या खोलीचं दार बंद होतं. पाचव्या दिवशी ते आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पाणी लागलं, म्हणाले, आणि माझ्या बायकोच्या हातावर पेढा ठेवला. मग कोटाची बटणं लावून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, आठ दिवसांत खोली मोकळी करा. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच आपुलकीनं सांगितल्या. माणूस दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं.

बायकोला तेव्हा सगळं सांगावं लागलं. तिनं पेढा तसाच झाकून ठेवला. सासरे काय म्हणतील, हे आम्ही दोघांनीही तोंडातून काढलं नाही. पण तिला परत माहेरी पोचवायची वेळ आली असती, तर मी ती केंदूरची वाट चालू शकलो नसतो.

सिस्टर धावून आल्या. त्यांनी बातमी आणली की विहिरीला पाणी लागल्यावर धाकट्या भावाचं बायकोशी भांडण होतं आणि आबांना त्या प्रकरणासाठी भाडेकरू पाहिजे. "तुम्ही नवराबायको आहात ना? मग जा आणि येतं म्हणून सांगा." मी म्हणालो, आम्ही अजून भांडलो नाही. त्या म्हणाल्या, मग आठ दिवसांत शिका.

मी आबांकडं गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भांडान लागतं कसं ते मला ठावं हाय. त्येला माणूस नगं. मिटतं कसं, ते तुम्हाला येतं का?"

येतं, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आबांच्या बायकोबद्दल मला तेव्हा सिस्टरांकडून कळलं. ती शिरूरला भावाकडं राहत होती. मला शाळेत घातलं त्याच्या आसपास कधीतरी ती गेलेली. भांडण कशावरून झालं ते दौंडात कुणालाच ठाऊक नव्हतं. आबा तिला आणायला गेले नाहीत, कारण भांडणात आपलंच बरोबर आहे असं त्यांना वाटत होतं. आणि ती आली नाही, कारण तिलाही तसंच वाटत असावं. नंतर आबांनी कादंबरी सुरू केली.

तर आमचं भांडण सुरू झालं. रोज संध्याकाळी मी कचेरीतून आलो की आबा आमच्या दाराबाहेर पाट टाकून, मांडीवर लिहायची फळी घेऊन बसायचे. दार लोटलेलं. आत आम्ही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, आमटी पाणचट झालीये. बायकोनं पदर तोंडात कोंबला आणि हसू आवरत म्हणाली, मग तुम्हीच करा. मी म्हणालो, करीन. यापुढं आम्हाला दोघांनाही सुचेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या माहेरचा आणि माझ्या आईचा विषय घेतला, आधी ठरवून, पाळीपाळीनं. बाहेरून आबा म्हणाले, "खोटं हाय. तुम्ही एकमेकाचं ऐकताय. भांडनात कोन ऐकत न्हाई."

फायरमननं फुकटचा सल्ला दिला की एखादं भांडं आपटा. बायकोनं पितळी आपटली. माहेरची होती, पोचा पडला. ती रडवेली झाली आणि मी तिची समजूत घालत बसलो. बाहेर आबांनी काही लिहिलं नाही. उठून जाताना एवढंच म्हणाले की पितळीचं वाईट झालं.

सातव्या दिवशी आम्ही सामान बांधायला काढलं. दुसरी खोली मिळाली नव्हती. मी वळकटी बांधत होतो, ती डबे पोत्यात भरत होती आणि सुतळी कमी पडली. ती म्हणाली, सुतळी जपून वापरायची. मी म्हणालो, जपायचंच होतं तर तोंड जपायचं. तुला कुणी सांगितलं होतं पाणी काढायला?

मग काय झालं ते नीटसं सांगता येणार नाही. दोघंही एकदमच बोलत होतो. ती म्हणाली की सहा महिने कोरडी विहीर खोदणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही, आणि खोलीची अट आधी सांगितली असती तर तिनं जीभ चावून घेतली असती. मी तिच्या वडलांचं स्टोव्हकडं बघणं काढलं. तिनं माझ्या पत्रांतली वाक्यं काढली, ज्यांत मी दौंडला प्रशस्त जागा घेतली असं लिहिलं होतं. मी म्हणालो, जा मग केंदूरला. ती म्हणाली, जाते, उद्याच. मी म्हणालो, सकाळची पहिली गाडी आहे. आणि मग एकदम बोलणं संपलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कळलं की आपल्या तोंडून असं काही निघू शकतं, आणि मला माझीच भीती वाटली.

दिवेलागण झाली. पोत्यातून तिनं पुन्हा एक पातेलं काढलं, पिठलं टाकलं. मी भिंतीकडं तोंड करून जेवलो, ती स्टोव्हकडं तोंड करून जेवली. ताटं विसळली. वळकटी अर्धी बांधलेली तशीच पडली होती. स्टोव्हची वात खाली करता करता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ?"

मी म्हणालो, "मेथी दे."

दार उघडलं. आबा बाहेर आहेत हे आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. ते उंबऱ्यात उभे होते, फळी काखेत, टाक हातात. टाकाची शाई वाळली होती.

"मिटलं?"

"काय आबा?" बायको म्हणाली.

"भांडान."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. खरंच मिटलं होतं. "मिटलं की," ती म्हणाली.

"कवा? त्या डब्याला?"

"व्हय, तवाच."

"माफी कोनी मागितली?"

"कोनी न्हाई."

"चूक कोनाची निघाली मग?"

"ते कुठं निघतंय आबा," ती म्हणाली. "ते तसंच ऱ्हातं."

आबांनी फळी काखेतून काढून भिंतीला टेकवली. "एवढंच?" ते म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, "एवढंच व्हतं?" आणि उंबऱ्यावरच खाली बसले. बायकोनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. ती त्यांनी सगळी खाल्ली, हात धुतले आणि जाताना वळकटीकडं बोट दाखवून ती सोडा म्हणाले.

त्यांची फळी आमच्या भिंतीशीच राहिली. दुसऱ्या दिवशी न्यायला आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्या रविवारी वाचन झालं नाही. फायरमन कासावीस झाला. त्याला वाटलं, आता सगळीच प्रकरणं बंद होणार आणि सगळ्यांनाच निघावं लागणार. त्यानं आपण होऊन गाडी पाटस स्टेशनात घ्यायची तयारी दाखवली. आबा म्हणाले, सावकाश येऊ द्या.

सोमवारी सकाळी ते कोट घालून शिरूरच्या एस.टी.त बसले. न्हावऱ्यावरून जाणारी गाडी, तिला कोंबड्या आणि शाळामास्तर यांचीच गर्दी. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा होता. आम्ही तिघंही अंगणात काही ना काही काम काढून उभे होतो. खोलीत गेले आणि दार लावून जेवले.

डबा त्यांनी स्वतः नळावर घासला. राखेनं, मग चिंचेनं. तीन दिवस तो त्यांच्या ओट्यावर पालथा पडून चकाकत होता. चौथ्या दिवशी डबा दोन्ही हातांत धरून ते आमच्या दारात आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "डबा मोकळा परत देऊ न्हाई म्हंत्यात. काय घालत्यात त्यात?"

"कादंबरीसाठी इचारताय का आबा?"

"न्हाई," ते म्हणाले. "मलाच पायजे."

ती म्हणाली, घरात काय असंल ते घाला, मूठभर असलं तरी चालतं. ते बघून आले. घरात काही नव्हतं, रेशनची साखर तेवढी होती. तीच घाला, ती म्हणाली. आबांना मूठभर म्हणजे किती ते कळत नसावं. त्यांनी महिन्याची सगळी साखर डब्यात ओतली, वर दाबून झाकण लावलं आणि गाडीत तो मांडीवर घेऊन बसले.

त्या दिवशी मी कचेरीतून लवकर आलो. सिस्टरांनी रात्रपाळीला निघायचं लांबवलं होतं. संध्याकाळच्या गाडीतून आबा उतरले आणि डबा त्यांच्या हातातच होता. घेतला नाही, माझ्या मनात आलं. बायकोनं माझा हात घट्ट धरला, सगळ्यांच्या देखत. आबा आमच्यासमोर येऊन थांबले आणि त्यांनी झाकण काढून दाखवलं. आत शेंगदाण्याची चटणी होती, काठोकाठ.

"ही रीतच वाईट हाय," आबा म्हणाले. "आता परत जावं लागनार."